तळीयेचा फोटो तुम्ही शेअर केलात, मदत कुठे गेली?

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर संध्याकाळच्या सुमारास डोंगर खाली आला आणि ८० हून जास्त माणसं गेली. सावित्रीचं पाणी तोवर महाड शहरात शिरलेलं होतं. रस्ते बंद, वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. एनडीआरएफची माणसं तळीयेला पोचली ती दुसऱ्या दिवशी. त्याआधी चिखलात हात घालणारे लोक आजूबाजूच्या वाड्यांतलेच होते.

बाकी महाराष्ट्राला तळीये कळलं ते फोटोंतून. हिरव्यागार डोंगरावर वरून खालपर्यंत गेलेला तपकिरी ओरखडा आणि त्याच्या पायथ्याशी जिथे घरं असायला हवी होती तिथे नुसती माती. तो फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. कदाचित तुम्ही तो स्टेटसला ठेवला असेल, पुढे पाठवला असेल, खाली ‘मदतीसाठी संपर्क’ असं लिहिलेला एखादा नंबरही असेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात लोकांनी अपलोड केलेले फोटो घेणं, लहान करणं, साठवणं हे रोजचं असतं. आजोळ पोलादपूरकडचं, त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या फोनवर असे फोटो धो धो येत होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात एकच प्रश्न डोक्यात येतो. फोटोने मदत होते, हे खरंच आहे. पण फोटो आणि मदत यांच्यामध्ये नक्की काय असतं? एवढे फोटो फिरूनही काही गावांना काहीच का मिळत नाही, आणि काही पैसे भलतीकडेच का जातात?

याचं उत्तर भावनेत कमी आणि फाईलमध्ये जास्त आहे. म्हणून फाईलपर्यंत जाऊया.

फोटोने पैसे येतात का?

येतात. आणि हे मोजलं गेलंय. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पडलेल्या आयलान कुर्दी या लहानग्या सीरियन मुलाचा फोटो जगभर गेला. सीरियातलं युद्ध तेव्हा चार वर्षं चालू होतं, मेलेल्यांचे आकडे रोज छापून येत होते. पण स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या फोटोनंतरच्या आठवड्यात आधीच्या आठवड्यापेक्षा शंभरपटीहून जास्त झाली. पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्यातलाच दुसरा निष्कर्ष असा की सहा आठवड्यांत हा ओघ बराचसा ओसरला.

दुसरं उदाहरण २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजचं. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्या, व्हिडिओ टाका, पुढच्याला नाव घेऊन आव्हान द्या. चेष्टा वाटली तरी अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्या उन्हाळ्यात ११ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. कारण सोपं होतं. आजाराचं नाव ठरलेलं, संस्था ठरलेली, पैसे कुठे द्यायचे ते ठरलेलं. व्हिडिओ कुठूनही कुठेही गेला तरी ही माहिती त्याच्याबरोबर जात होती.

तिसरा प्रकार ‘फोटो टाका, पैसे आम्ही देतो’ असा. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने २०१३ मध्ये ‘डोनेट अ फोटो’ नावाचं ॲप काढलं होतं. दिवसाला एक फोटो टाकायचा, कंपनी तुम्ही निवडलेल्या कामाला एक डॉलर देणार. पण नियम वाचले की कळायचं, प्रत्येक कामासाठी किती द्यायचं याचं उद्दिष्ट आधीच ठरलेलं असे, आणि तेवढे फोटो नाही आले तरी किमान रक्कम दिली जाई. म्हणजे पैसे कंपनीचे, आकडा कंपनीचा आणि फोटो ही जाहिरात. यात वाईट काही नाही, फक्त आपण काय देतोय ते आपल्याला माहीत असावं. याचा गावठी आणि खोटा अवतार आपण सगळ्यांनी पाहिलाय: आजारी बाळाचा फोटो आणि खाली ‘प्रत्येक शेअरमागे फेसबुक १ रुपया देणार’. असं कुणी काही देत नाही. युनिसेफच्या स्वीडन शाखेने २०१३ मध्येच थेट मोहीम काढून सांगितलं होतं की लाइकने जीव वाचत नाहीत, लसीला पैसे लागतात.

तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. फोटो लोकांना थांबवतो, पण थांबलेल्या माणसाने पुढे काय करायचं हे फोटोत नसतं. ते कुणीतरी जोडावं लागतं. आणि नेमकं हेच जोडलेलं आपल्या फोनमध्ये गळून पडतं.

व्हॉट्सॲपवर फोटोतून काय गळतं?

फोनने फोटो काढला की चित्राबरोबर थोडी माहितीही फाईलमध्ये लिहिली जाते. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. याला एक्झिफ डेटा म्हणतात. गॅलरीत फोटो उघडून ‘डिटेल्स’ दाबलं की दिसतो.

आता हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवा आणि समोरच्या फोनवर डिटेल्स उघडा. मी करून बघितलं. चार-पाच एमबीची फाईल काहीशे केबीची होते आणि काढल्याची वेळ, ठिकाण सगळं गायब. यात व्हॉट्सॲपचा दोष नाही. तुम्ही घरात काढलेल्या फोटोतून तुमच्या घराचा पत्ता अनोळखी माणसाकडे जाऊ नये म्हणून हे बरंच आहे. पण दरडीच्या फोटोच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होतो: फोटो कधीचा आणि कुठला, हे आता फक्त पाठवणाऱ्याच्या शब्दावर.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. अँड्रॉइडवर आलेल्या फोटोचं नाव ‘आयएमजी’, मग तारखेचे आकडे, मग ‘डब्ल्यूए’ असं असतं. बरेच जण ती तारीख दाखवून म्हणतात, ‘बघ, कालचाच आहे’. ती तारीख फोटो काढल्याची नसते. तुमच्या फोनवर तो ज्या दिवशी आला त्या दिवसाची असते. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तर नावात आजचीच तारीख.

आणि सह्याद्रीतल्या दरडी फोटोत सारख्याच दिसतात. ३० जुलै २०१४ चं माळीण, २२ जुलै २०२१ चं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीचं इर्शाळवाडी. हिरवा उतार, तपकिरी पट्टा, पावसात उभी माणसं. तिन्हीचे फोटो मथळ्याशिवाय समोर ठेवले तर आपल्यातले किती जण ओळखतील? म्हणून नवी दरड कोसळली की जुना फोटो नव्या नावाने फिरवणं सोपं जातं. कित्येकदा फसवणुकीचा हेतूही नसतो. माणूस हळहळतो आणि पाठवून देतो.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. टिनआय या साइटवर टाकलात तर ‘सर्वात जुना आधी’ असं लावूनही बघता येतं. तोच फोटो २०१४ च्या बातमीत सापडला तर विषय संपला. मेसेजवर दोन बाणांचं ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ दिसत असेल तर तो अनेक हातांतून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हे बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये याच कारणासाठी घातलं.

मात्र हल्ली लेन्सही पुरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यात एका लहान मुलाला छातीशी धरलेल्या अग्निशमन जवानाचं चित्र ट्विटरवर फिरत होतं, खाली क्रिप्टो पाठवायचा पत्ता. चित्र एआयने बनवलेलं होतं. जवानाच्या एका हाताला सहा बोटं होती, म्हणून पकडलं गेलं. आता बोटं पाच येतात. त्यामुळे ‘चित्र खरं दिसतंय का’ यापेक्षा ‘पैसे कुणाच्या खात्यात जातायत’ हा प्रश्न जास्त कामाचा.

खरा फोटो, खरं गाव, क्यूआर मात्र दुसऱ्याचा

सगळ्यात अवघड फसवणूक ती, जिच्यात खोटं काहीच दिसत नाही. एखाद्या संस्थेचं मदतीचं पोस्टर घ्यायचं, फोटो तोच, मजकूर तोच, फक्त कोपऱ्यातला क्यूआर बदलायचा. फोनवरच्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे.

क्यूआर म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, चित्राच्या रूपातला मजकूर. यूपीआयच्या क्यूआरमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात: पैसे जाणार तो यूपीआय आयडी आणि घेणाऱ्याचं नाव. यातलं नाव क्यूआर बनवणाऱ्याने टाकलेलं असतं. तो तिथे ‘तळीये मदत निधी’ असंही लिहू शकतो. माणसाच्या डोळ्याला दोन क्यूआर सारखेच दिसतात, आणि नेमकं यामुळेच क्यूआर बदललेला कळत नाही.

नुसत्या आयडीचंही तसंच. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी सुरू झाला आणि लगेच त्याच्या आयडीशी मिळताजुळता बनावट आयडी निघाला. खऱ्यात ‘पीएमकेअर्स’, खोट्यात ‘पीएमकेअर’. इंग्रजीत लिहिताना फक्त शेवटच्या ‘एस’ चा फरक. दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने तो उघड केला. २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीनंतर केरळ सरकारने तर मुख्यमंत्री मदत निधीच्या जाहिरातींतला आणि साइटवरचा क्यूआरच काढून घेतला, कारण त्याचा गैरवापर होईल अशी भीती होती. सरकारलाच आपल्या क्यूआरची खात्री देता येत नाही, तर ग्रुपवरच्या पोस्टरची कोण देणार?

सुदैवाने एक दार आता नीट बंद झालंय. एनपीसीआयच्या नियमानुसार ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲप्सनी पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं आहे, क्यूआरमधलं किंवा आपण सेव्ह केलेलं नाही. म्हणून पिन टाकण्याआधी एक सेकंद थांबा आणि वरचं नाव वाचा. पोस्टरवर ट्रस्टचं नाव आणि स्क्रीनवर एखाद्या व्यक्तीचं नाव असेल तर परत या. कदाचित तो माणूस खरंच प्रामाणिक असेल, पण ते फोन करून ठरवा, पिन टाकून नाही.

कायदाही आहे आणि तो आपल्याला ओळखीचा आहे. गणपती मंडळात काम केलं असेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढावी लागते हे माहीत असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातलं ते कलम गणपतीपुरतं नाही, धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करण्याबद्दलचं आहे. पूरग्रस्तांसाठी पोस्टर काढून स्वतःच्या खात्यावर पैसे घेणाऱ्या मित्रांच्या टोळक्यालाही ते लागू होऊ शकतं. म्हणून आपण चार जणांनी मिळून मदत उभी करायची असेल तर नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेचं खातं वापरणं सगळ्यात सरळ. पुढे हिशेबाचे प्रश्न येत नाहीत आणि मैत्रीही टिकते.

पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. लगेच म्हणजे ग्रुपवर चर्चा करण्याआधी. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते थांबवता येण्याची शक्यता असते.

फोटोतला माणूस

इथपर्यंत आपण देणाऱ्याबद्दल बोललो. आता ज्याचा फोटो आहे त्याच्याबद्दल.

तळीयेत ज्या बाईचं सगळं घर मातीखाली गेलं, तिचा टाहो फोडतानाचा फोटो तिला विचारून काढलाय का? अशा वेळी ‘हो’ म्हणण्याच्या किंवा ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत ती असते का? तुमच्यासाठी तो फोटो २४ तासांत निघून जाणारं स्टेटस असतं. तिच्यासाठी तो कायमचा आहे. उद्या तिच्या नातवाने गावाचं नाव सर्च केलं तर पहिल्यांदा तोच येणार.

२०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे वेगळाच प्रकार दिसला होता. मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो छापलेले होते, आणि पूर बघायला गेलेल्या बोटीतला सेल्फी व्हिडिओ गाजला होता. आपण सगळ्यांनी त्यावर मीम्स केले. पण हातात किट, शेजारी आपण, समोर कॅमेरा असा फोटो आपल्या ग्रुपनेही काढलेला असतो. फरक फक्त फॉलोअर्सचा. देणाऱ्याला पुरावा हवा असतो हे मान्य. पण त्यासाठी घेणाऱ्याचा चेहरा कशाला? सामान भरलेल्या टेम्पोचा फोटो, दुकानाच्या बिलाचा फोटो, गावातल्या कुणीतरी ‘मिळालं’ म्हणून सही केलेल्या यादीचा फोटो, एवढ्यात पुरावा होतो. सहीचा कागद टाकताना पत्ते आणि फोन नंबर मात्र झाका.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा शिष्टाचाराचाही प्रश्न उरत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची चौकशी किंवा कार्यवाही चालू असताना त्याची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तळीयेच्या दोनच महिने आधी, मे २०२१ मध्ये, कोविडने आईवडील गेलेल्या मुलांचे मेसेज सगळीकडे फिरत होते: ‘दोन मुली अनाथ, कुणी दत्तक घेईल का, या नंबरवर फोन करा’. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं होतं. पण केंद्र सरकारला आणि बाल हक्क आयोगाला सांगावं लागलं की असं दत्तक बेकायदेशीर आहे आणि त्यातून मुलांची विक्री होण्याचा धोका आहे. अशा मुलाबद्दल कळलं तर फोटो पुढे पाठवू नका. १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.

ज्या गावाचा फोटोच आला नाही

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट.

त्याच पावसात, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या, तिथेही माणसं मेली. ही नावं तुम्ही ऐकली होती का? तळीये ऐकलं होतं. आकडा मोठा होता हे एक कारण. पण तळीयेचा फोटो होता, हे दुसरं.

फोटो निघायला तिथपर्यंत रस्ता लागतो, चार्ज असलेला फोन लागतो, रेंज लागते. म्हणजे ज्या वाडीची सगळ्यात जास्त वाट लागली तिथून फोटो सगळ्यात उशिरा निघणार, किंवा निघणारच नाही. शहराच्या बाजारपेठेतले, हायवेलगतचे फोटो आधी येणार. मदतीचे टेम्पो फोटो बघून निघत असतील तर ते हायवेलगतच थांबणार. २००५ मध्येही महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या, दीडशेहून जास्त माणसं गेली होती. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता. आज ते आठवायला आपल्याकडे फोटो कमी, म्हणून आठवणही कमी. १६ वर्षांनी त्याच तालुक्यात तळीये झालं.

म्हणून मदत करायची असेल तर फीड बघून गाव ठरवू नका. तहसील कार्यालयात बाधित गावांची यादी असते. तिथे किंवा तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाला, आशाताईंना, सरपंचांना एक फोन केला तर ‘तिकडे खूप आलंय, इकडे कुणी आलं नाही’ हे दोन मिनिटांत कळतं. ही माहिती कुठल्याच अल्गोरिदमकडे नाही.

दुसरं वेळेचं. स्वीडनचे सहा आठवडे आठवा. फोटोची मदत पहिल्या आठवड्यात येते आणि तेव्हा गरज असते पाणी, कोरडं अन्न, औषधं, चिखल उपसायला फावडी आणि माणसं. जुने कपडे मात्र ढिगाने येतात. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग गोळा करून ते वापरात आणायचं वेगळं काम ‘गूंज’ या संस्थेला करावं लागलं होतं. आणि खरी लांबणारी गरज त्यानंतर सुरू होते. तळीयेत घरं बांधून द्यायचं काम म्हाडाने करायचं हे जुलै २०२१ मध्येच जाहीर झालं. पण घरं उभी राहीपर्यंत लोक कंटेनरच्या घरांत राहिले, दोन वर्षांनंतरही तिथे कुटुंबं होती. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात अभ्यास करणाऱ्या पोराला वह्या, फी, बसचा पास लागतो. त्याचा फोटो व्हायरल होत नाही. दरडीसारखं त्यात एका फ्रेममध्ये मावणारं काही नसतं.

मग फोटो टाकायचाच नाही का?

टाकायचा. पण त्याच्याबरोबर माहिती पाठवायची, आणि ती गळणार नाही अशी पाठवायची.

हे आपल्या पिढीला येतं. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि बेडचे नंबर फिरत होते, तेव्हा कॉलेजच्या पोरापोरींनी एक सवय लावून घेतली होती. प्रत्येक नंबर स्वतः फोन करून बघायचा आणि खाली लिहायचं: ‘व्हेरिफाइड, सकाळी ११:३०’. संपलं की ‘आता उपलब्ध नाही’. कुणी शिकवलं नव्हतं, गरजेतून आलं. तीच सवय पुराच्या फोटोला लावायची.

१. मजकूर फोटोवरच लिहा. खाली लिहिलेला मथळा फॉरवर्ड करताना कुणीही काढू शकतो. गाव, तालुका, तारीख आणि वेळ चित्रावर टाका.

२. काय हवंय ते नेमकं लिहा, काय नकोय तेही. ‘५० फावडी आणि क्लोरीनच्या गोळ्या हव्यात, कपडे नकोत’ हे ‘सढळ हाताने मदत करा’ पेक्षा शंभर पट उपयोगाचं.

३. शेवटची तारीख लिहा. ‘रक्त हवंय’ चे मेसेज वर्षानुवर्षं फिरतात आणि त्या नंबरवरच्या माणसाला रात्री-अपरात्री फोन येत राहतात. ‘हे आवाहन ५ ऑगस्टपर्यंत’ एवढं लिहिलं की फोटो आपोआप मरतो.

४. क्यूआर चिकटवू नका. संस्थेचं नाव लिहा आणि तिच्या अधिकृत साइटवर जाऊन द्यायला सांगा. एक पायरी वाढते, चालेल.

५. मूळ फोटो पुरावा म्हणून द्यायचा असेल, उदाहरणार्थ पंचनाम्यासाठी, तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग फाईल जशीच्या तशी जाते, तारीख-ठिकाणासकट. मूळ फोटो डिलीट करू नका.

६. चेहरा नको, काम दाखवा. चिखलाने भरलेली विहीर आणि आठ दिवसांनी साफ केलेली विहीर, हे दोन फोटो शेजारी ठेवले तर पुढच्या वेळी लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील.

७. हिशेबाचा फोटो टाका. किती आले, कुठे गेले, किती उरले.

मुलांच्या परीक्षेला जसं वेळापत्रक लागतं तसं मदतीलाही लावा. फोनच्या कॅलेंडरमध्ये आज एक नोंद करा: दरडीनंतर सहा महिन्यांनी, ‘त्या गावाला फोन’. फोटो तोपर्यंत फीडमध्ये खूप खाली गेलेला असेल, आणि गावाला विचारणारं बहुतेक कुणी उरलेलं नसेल. तेव्हा विचारा, आता काय लागतंय? जे सांगतील ते पाठवा. फोटो नाही काढला तरी चालेल.